सोलापूरच्या मातीतला एसयूके-वन

(ऑडिओ भागाचं लेखी रूप)

मागे रिक्षाचे हॉर्न ऐकू येत असतील तर समजून घ्या, सात रस्त्याजवळच्या खोलीतून रेकॉर्ड करतोय आणि खिडकी बंद केली तर उकडून मरेन.

आज एका सोलापूरकराची गोष्ट सांगायची आहे. त्याचं नाव स्युडोमोनास एसयूके-1. जिवाणू आहे. 2008 साली बायोरिसोर्स टेक्नॉलॉजी या नियतकालिकात त्याच्यावर एक शोधनिबंध आला. लिहिणारे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले, प्रा. संजय गोविंदवार यांचा गट. माती मात्र आपली, सोलापूरच्या कापड कारखान्याजवळची, रंगाच्या पाण्याने बिघडलेली. त्या मातीतून त्यांनी हा जिवाणू वेगळा काढला आणि त्याला रेड बीएलआय नावाच्या लाल रंगाच्या पाण्यात सोडलं. लिटरमागे 50 मिलिग्रॅम रंग. एका तासात 99.28 टक्के रंग गायब.

एक तास, म्हणजे आपण चहा पिऊन सात रस्त्यावरून स्टेशनला जाऊन परत येईपर्यंत.

निबंध वाचल्यावर माझ्या डोक्यात पहिला प्रश्न हाच आला की, असं असेल तर कापड रंगवणाऱ्या गावांतले नाले अजून रंगीत का? मी कॉम्प्युटरचा बीटेक, जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. त्यामुळे उत्तर शोधायला बराच मागे गेलो. आणि मागे गेल्यावर कळलं की जिवाणू आणि रंग यांची ओळख 2008 ची नाहीच. ती शेकडो वर्षं जुनी आहे, फक्त तेव्हा जिवाणू रंगाऱ्याच्या बाजूने काम करत होते.

निळीपासून सुरू करू. आपल्याकडे निळीने कापड रंगवणारा समाज म्हणजे निराळी. नावातच नीळ आहे. नीळ ही विचित्र वस्तू, पाण्यात विरघळतच नाही. मग सुतात शिरणार कशी? जुने रंगारी हौदात किंवा रांजणात नीळ, चुना, टाकळ्याचं बी, कुठे गूळ असं घालून ते आंबवत ठेवायचे. काही दिवसांनी निळा रंग जाऊन पिवळट-हिरवं पाणी व्हायचं. त्यात सूत बुडवून बाहेर काढलं की हवा लागून डोळ्यांसमोर ते निळं व्हायचं. बघणाऱ्याला जादूच वाटणार.

ही जादू जिवाणूंची. ती समजली की पुढचा सगळा भाग सोपा जाईल, म्हणून इथे जरा थांबतो.

जिवाणू गूळ खातो, त्यातून त्याला ऊर्जा मिळते आणि मागे इलेक्ट्रॉन उरतात. ते कुठेतरी टाकावे लागतात, नाहीतर त्याचं घर तुंबतं. हवा असेल तर ऑक्सिजन ते घेऊन जातो. ऑक्सिजन म्हणजे समजा घंटागाडी. आता घंटागाडी आलीच नाही तर लोक काय करतात हे सोलापूरकरांना सांगायला नको. जवळ जे सापडेल तिथे टाकतात. आंबलेल्या हौदात हवा नसते, जवळ असते ती नीळ. जिवाणू इलेक्ट्रॉन निळीवर ढकलतो, निळीचं रूप बदलतं, ती विरघळते. युरोपात वोड नावाच्या झाडापासून अशीच नीळ काढत. तिथल्या जुन्या पद्धतीचं पिंप पुन्हा लावून इंग्लंडमधल्या संशोधकांनी त्यातला एक जिवाणू वेगळा केला, 1999 मध्ये त्याचं क्लॉस्ट्रिडियम आयसाटिडिस असं बारसंही झालं. रंगारी हे काम तोपर्यंत कित्येक पिढ्या करत आले होते, जिवाणू हा शब्द नसताना.

मग कारखान्याचे रंग आले.

1856 मध्ये लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन मलेरियावरचं क्विनाइन बनवायला बसला आणि हातात जांभळा रंग आला. ती गोष्ट शाळेत ऐकली असेल. आपल्यासाठी त्याहून महत्त्वाचा माणूस म्हणजे पीटर ग्रीस. त्याने 1858 मध्ये जी रासायनिक क्रिया मांडली, तिच्यातून पुढे ॲझो रंग निघाले. (हा गृहस्थ पोटापाण्यासाठी एका बिअरच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होता. नोकरी एक आणि खरं डोकं दुसरीकडे, असे लोक आमच्या धंद्यात पण आहेत.) ॲझो म्हणजे रंगाच्या रेणूत मधोमध नायट्रोजनचे दोन अणू, एकमेकांना दुहेरी बंधाने घट्ट धरून. तो जोड आहे तोवर रंग दिसतो. 1884 मध्ये काँगो रेडचं पेटंट निघालं, तो तुरटीबिरटी न लावता थेट सुती कापडावर चढायचा. 1897 मध्ये जर्मनीच्या बीएएसएफने कारखान्यातली नीळ बाजारात आणली आणि शेतातल्या निळीचा धंदा बसला.

सोलापुरात तेव्हा काय चाललं होतं? 1877 मध्ये आपली जुनी मिल सुरू झाली होती. पुढे आणखी गिरण्या आल्या, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे माग आले, चादर आली. चादरीचं सूत आधी रंगवतात, मग विणतात. म्हणजे इथे रंग हा वरून मारलेला शेवटचा हात नाही, पहिली पायरी आहे. आणि चादरीची सगळी पत एका शब्दावर उभी आहे: पक्का रंग. माझी आजी चादर घेताना कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासून बघायची. रुमालाला डाग लागला तर चादर परत दुकानदाराच्या अंगावर.

1956 मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने रिॲक्टिव्ह रंग आणले, जे सुताशी रासायनिक बंधच जोडतात. आजीच्या रुमाल-परीक्षेत हे शंभरपैकी शंभर. पण त्यांची एक खोड आहे. हौदातला सगळा रंग सुताला चिकटत नाही, काही भाग पाण्याशीच जोडला जातो आणि मग निरुपयोगी होऊन धुण्यात वाहून जातो. रंगानुसार हा भाग दहा टक्क्यांपासून अगदी पन्नास टक्क्यांपर्यंत असू शकतो. ऊन, साबण, घाम यांना दाद न देणारा रंग नाल्यात गेल्यावर अचानक नरम कसा पडेल? जे गुण चादरीत कौतुकाचे, तेच नाल्यात डोकेदुखीचे.

सांडपाण्याला जिवाणू लावायची कल्पना मात्र या भानगडीच्या आधीची. त्यासाठी मँचेस्टरला जावं लागेल, कापडाचं शहर. तिथे 3 एप्रिल 1914 ला एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी एक प्रबंध वाचला. प्रयोग अगदी साधा. बाटलीत शहराचं सांडपाणी घ्या, हवा फुंकत राहा. पहिल्यांदा ते पुरतं शुद्ध व्हायला जवळपास पाच आठवडे लागले. तोपर्यंत सगळे लोक तळाचा गाळ फेकून द्यायचे. या दोघांनी तो ठेवला आणि त्यावर नवीन सांडपाणी ओतलं. परत तेच, परत तेच. पाच आठवड्यांचं काम शेवटी एका दिवसाच्या आत यायला लागलं. तळाला बसलेला गाळ म्हणजे वाढत गेलेली, त्या पाण्याची सवय झालेली जिवाणूंची वस्ती होती. आजही जगभरच्या शहरांत सांडपाणी शुद्ध करतात ते मुख्यतः याच पद्धतीने.

या दोघांना दिशा दाखवणारा माणूस गिल्बर्ट फाउलर. 1912 मध्ये तो अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला गेला होता, तिथले प्रयोग बघून आला. त्याचा स्वतःचा आणखी एक प्रयत्न होता: कोळसा खाणीच्या पाण्यातून मिळालेला एम-7 नावाचा एकच जिवाणू वापरून पाणी साफ करायचं. एम-7 आज कुणाला आठवत नाही. जिंकली ती गाळातली बिननावाची गर्दी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. आणि हा फाउलर 1916 मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक म्हणून आला. म्हणजे शोध लागून दोन वर्षांत त्याची विद्या आपल्या शेजारच्या राज्यात पोचली होती. उशीर ज्ञानाचा नव्हता.

बरं, मग हाच गाळ रंगाच्या पाण्याला का चालत नाही?

घंटागाडीमुळे. मँचेस्टरच्या पद्धतीत सतत हवा फुंकतात, म्हणजे घंटागाडी चोवीस तास दारात. जिवाणू इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देऊन मोकळा होतो, ॲझो रंगाकडे ढुंकूनही बघत नाही. काही रंग गाळाला चिकटून जातो, बाकीचा टाकीच्या एका तोंडाने येतो आणि दुसऱ्या तोंडाने तसाच निघतो. हवा बंद केली तर मात्र निळीच्या हौदातलाच प्रकार होतो: जिवाणू इलेक्ट्रॉन त्या दोन नायट्रोजनच्या जोडावर ढकलतो. फरक एवढाच की नीळ हवा लागली की परत निळी होते, ॲझोचा जोड मात्र तुटला की तुटला. रंग गेला.

एसयूके-1 ने त्या तासाभरात हेच केलं. बाटली न हलवता ठेवलेली, आत हवा जवळजवळ नाही.

आणि इथेच मला सगळ्यात जास्त सावध व्हावंसं वाटतं. कारण जोड तुटल्यावर रेणू हवेत विरत नाही. त्याचे दोन तुकडे होतात, ॲरोमॅटिक अमाइन म्हणतात त्यांना. त्यांना बहुतेक वेळा रंग नसतो. पण त्यातले काही मूळ रंगापेक्षा वाईट असतात. 1895 मध्येच लुडविग रेन या जर्मन डॉक्टरने फ्रँकफुर्टजवळच्या रंगकारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाचा कॅन्सर नोंदवला होता. पुढे कळलं की बेंझिडिनसारखे अमाइन त्यामागे असतात. काँगो रेड हा बेंझिडिनपासूनच बनतो. आपल्या आतड्यातले जिवाणूही असे रंग तोडून ते अमाइन मोकळे करू शकतात. याच धास्तीने जर्मनीने 1994 मध्ये असे अमाइन सोडणाऱ्या ॲझो रंगांवर बंदी आणली. भारतात बेंझिडिनच्या 42 रंगांवर 1993 मध्ये आणि आणखी 70 ॲझो रंगांवर 1997 मध्ये बंदी आली. सोलापूरचे टॉवेल परदेशी जातात, त्यामुळे ही बंदी म्हणजे इथल्या डाय हाऊसला फक्त पेपरातली बातमी नव्हती.

बघा म्हणजे कसं आहे. टाकीत जिवाणूने जे केलं की आपण टाळ्या वाजवतो, तेच पोटात केलं की कायदा करावा लागतो. क्रिया एकच. त्यामुळे 'रंग 99 टक्के गेला' हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न लगेच विचारायचा: गेला तो कुठे गेला?

कोल्हापूरच्या गटाने तो विचारला, हे मला त्यांच्या कामात फार आवडतं. 2009 मध्ये याच एसयूके-1 वर त्यांचा आणखी एक निबंध आला, या वेळी रिॲक्टिव्ह रेड 2 हा रंग. त्यात सीओडी मोजला होता. सीओडी म्हणजे पाण्यातली घाण रासायनिक रीतीने पूर्ण जाळून संपवायला किती ऑक्सिजन लागेल त्याचा आकडा. 24 तासांत तो 52 टक्के उतरला. चांगलाच आहे. पण रंगाचे आकडे नव्याण्णवला टेकत असताना घाणीचा आकडा निम्म्यावर. डोळ्याला पाणी स्वच्छ, हिशेबाला अर्धं स्वच्छ. मग 2015 मध्ये त्यांनी एसयूके-1 ला एक जोडीदार दिला, प्रोव्हिडेन्सिया रेटगेरी. आणि टाकीचा क्रम बदलून पाहिला: आधी हवा अगदी कमी, मग भरपूर हवा. पहिल्या टप्प्यात जोड तोडायचा, दुसऱ्यात उरलेले अमाइन हवेच्या मदतीने फस्त करायचे. चार वेगवेगळे रंग, 12 ते 30 तासांत 98-99 टक्के उडाले. आधी निराळ्याचा रांजण, मग मँचेस्टरची बाटली, असं मी ते माझ्यापुरतं लक्षात ठेवलंय.

पाणी खरंच निर्धोक झालं का हे तपासायची त्यांची एक पद्धत आपल्या ओळखीची आहे. या गटाच्या कितीतरी निबंधांत शुद्ध केलेलं पाणी ज्वारीच्या बियांना घालतात. मूळ रंगाच्या पाण्यात किती उगवली, मुळं किती लांब आली, आणि शुद्ध केलेल्या पाण्यात किती. मालदांडीच्या जिल्ह्यातल्या माणसाला याहून पटणारी परीक्षा कोणती असणार?

मग अडलं कुठे?

आमच्यात एक विनोद आहे. गिऱ्हाइकाकडे प्रोग्राम बंद पडला की पोरगा म्हणतो, 'माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय.' प्रयोगशाळेत पाण्याचा सामू 6.5 ते 7, तापमान 30 अंश, रंग एकच, लिटरमागे 50 मिलिग्रॅम. डाय हाऊसचं पाणी सोड्यामुळे चांगलंच आल्कधर्मी, गरम, सकाळी काळं, दुपारी लाल, मध्येच ब्लीचचं पाणी येऊन जिवाणूंची अर्धी वस्ती मारणारं. सुट्टीला कारखाना बंद, म्हणजे वस्ती उपाशी. आणि उपाशी हा मुद्दा नीट समजून घ्या. जिवाणू रंग तोडतो म्हणजे रंगावर पोट भरतो असं नाही, रंग ही त्याची कचरा टाकायची जागा आहे. जेवण वेगळं द्यावं लागतं. प्रयोगशाळेत यीस्ट एक्स्ट्रॅक्ट वगैरे पौष्टिक प्रकार असतात, नाल्यावर ते कुणाला परवडणार? म्हणून संशोधकांनी भाताचा कोंडा, उसाचं चिपाड असले पर्याय वापरून पाहिले. साखर कारखान्यांनी भरलेल्या आपल्या जिल्ह्यात चिपाडाला तोटा नाही. तरी ते रोज टाकणारा, सामू बघणारा, रविवारी पण टाकीकडे चक्कर मारणारा माणूस लागतो, हवा फुंकायला वीज लागते.

मीठ तर राहिलंच. रिॲक्टिव्ह रंग सुतावर चढवायला हौदात भरपूर मीठ घालतात. ते सगळं पाण्यात येतं आणि ते कुठलाही जिवाणू खात नाही.

तुम्ही म्हणाल, मग या सगळ्यावर मात करणारा एक जबरदस्त जिवाणू तयार करा की. तेही होऊन गेलंय. आनंद चक्रवर्ती या भारतीय शास्त्रज्ञाने अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना खनिज तेल फस्त करणारा स्युडोमोनास बनवला, म्हणजे आपल्या एसयूके-1 चा भाऊबंदच. त्याच्या पेटंटचा खटला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला आणि 16 जून 1980 ला 5 विरुद्ध 4 मतांनी चक्रवर्ती जिंकले. कायद्याच्या इतिहासात तो खटला अजरामर झाला. समुद्रातलं तेल साफ करायला तो जिवाणू मात्र कधी सोडला गेला नाही. एम-7 आठवला ना? माझं मत विचाराल तर एकट्या हिरोवर भिस्त ठेवणारी योजना दिसली की मी जरा बाजूला सरकतो. कुठल्याही डाय हाऊसच्या नाल्यातल्या चिखलात त्या पाण्याला सरावलेली गर्दी आधीच बसलेली आहे. एसयूके-1 तिथूनच तर उचलला. जिवाणू मिळणं अवघड नाही, त्याला रोज जगवणं खर्चाचं आहे.

आणि तो खर्च करायला लावणारा कायदा कसा होता ते बघा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970 चं, केंद्राचा पाणी कायदा 1974 चा. सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत बीओडीला 30, सीओडीला 250 असे लिटरमागे मिलिग्रॅमचे आकडे. रंगाच्या रकान्यात मात्र आकडाच नव्हता, शक्य तितका काढायचा प्रयत्न करावा अशा अर्थाची ओळ होती. 'शक्य तितका' याचा अर्थ कारखानदाराने काय लावायचा? कापड उद्योगासाठी रंगाचा ठरलेला आकडा आला तो 2016 च्या अधिसूचनेत: 150 युनिट, प्लॅटिनम-कोबाल्ट मोजपट्टीवर. म्हणजे एसयूके-1 वरचा पहिला निबंध आणि हा आकडा यांच्यात आठ वर्षं. पर्किनपासून मोजलं तर एकशे साठ.

सोलापुरात बसून हे सगळं वाचताना दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोयही नाही. आपण पितो ते उजनीचं पाणी. 1980 मध्ये पूर्ण झालेलं, 117 टीएमसीचं धरण, आणि त्याच्या वरच्या अंगाला पुणे, पिंपरी-चिंचवड. मुळा-मुठेतून भीमेत जे येतं ते आपल्यासाठी साठतं. पुणेकरांच्या टाकीतल्या जिवाणूंना रविवारी जेवण मिळालं की नाही, याचा चार-पाच दिवसांआड येणाऱ्या आपल्या नळाशी थेट संबंध आहे. आणि आपल्या डाय हाऊसचं, आपल्या बाथरूमचं पाणी शेवटी सीना-भीमेच्या खोऱ्यातच उतरतं, खाली कर्नाटकातली गावं आहेत.

कोल्हापूरचा गट पुढे टाकीच्या बाहेरही गेला. 2018 मध्ये त्यांचं काम आलं ते चक्क बागेतल्या फुलझाडांवर. उंच वरंबे करून त्यांवर झेंडू, गलांडा, चिनी गुलाब, ॲस्टर लावायचे आणि कापड कारखान्याचं रंगीत पाणी त्या वरंब्यांतून जिरवायचं. अशा मातीत मुळांभोवती जिवाणूंची वस्ती असतेच. मूळ तिला गोडसर रस पुरवतं, म्हणजे जेवणाचा प्रश्न काही अंशी झाडाने उचलला. खोलवर ओल्या मातीत हवा कमी, वर जास्त, म्हणजे दोन टप्पे एकाच वरंब्यात. ब्लोअर नाही, त्यामुळे विजेचं बिल फारसं नाही. जागा मात्र लागते, आणि मीठ इथेही मातीतच साठत जातं.

पुढच्या भागात त्या मिठाबद्दल बोलू.